मुंबईत घरच्या घरी भाजी आणि फळं: आधी ऊन, मग कुंडी, रोप सगळ्यांत शेवटी

मुंबईत बहुतेक जण घरच्या बागेची सुरुवात उलट्या टोकाने करतात. जूनमध्ये दोन सरी पडल्या की नर्सरीतली हिरवीगार रोपं डोळ्यांत भरतात. टोमॅटो, मिरची, लिंबू, पेरू असं जे आवडेल ते घरी येतं आणि गणपती येईपर्यंत त्यातलं बरंचसं पिवळं पडून, कुजून गेलेलं असतं. मग घरात निष्कर्ष निघतो, "आपल्या हाताला गुण नाही." खरं तर चुकलेला असतो तो क्रम. रोप ही शेवटी आणायची वस्तू आहे. त्याच्या आधीची चार कामं नीट झाली, तर साध्या गॅलरीतही भाजी येते.

दुसरी चूक वेळेची. नवशिक्याने मुंबईच्या पावसात सुरुवात करू नये. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आठवडे-आठवडे ऊन दिसत नाही, आणि कुंडीतलं खत पाण्याबरोबर वाहून जातं. वेलभाज्या या हवेत तग धरतात, टोमॅटो धरत नाही. म्हणून तयारी सप्टेंबरात करा, बी सप्टेंबरअखेरीस टाका आणि रोपं ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मोठ्या कुंडीत हलवा. पुढचे टप्पे याच हिशेबाने दिले आहेत.

## टप्पा १: ऊन मोजा, अंदाज बांधू नका

"आमच्याकडे भरपूर उजेड आहे" याला बागेच्या हिशेबात किंमत नाही. पानावर थेट पडणारं ऊन किती तास आहे, तेवढंच मोजायचं. आकाश मोकळं असेल अशा दिवशी सकाळी ७ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर तासाला गॅलरीत जा आणि ऊन कुठे पडलं आहे ते कागदावर मांडा. शक्य असेल तर गॅलरीच्या लादीवर खडूने खूण करा. समोरच्या टॉवरची सावली किती वाजता येते, हे एकदा लिहून ठेवलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात.

एक गोष्ट मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. मुंबईत १५ मेच्या आणि २८ जुलैच्या सुमारास दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो, आणि उरलेलं सगळं वर्ष दक्षिणेकडे. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरात ऊन पार आतपर्यंत येतं, पण मे-जूनमध्ये वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे दुपारी जवळपास काहीच येत नाही. उत्तरेच्या गॅलरीचं नेमकं उलटं: उन्हाळ्यात थोडं ऊन मिळतं, थंडीत अजिबात नाही. म्हणजे एकदा मोजून भागत नाही. ऑक्टोबर, जानेवारी आणि मे अशी तीनदा मोजणी करा.

पूर्वेचं सकाळचं ऊन भाजीला सगळ्यांत मानवतं. पश्चिमेकडे दुपारनंतरचं कडक ऊन आणि पावसाळ्यात थेट अंगावर येणारी झड, दोन्ही असतं. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा किनाऱ्यालगतच्या घरांत त्यात खारा वाराही येतो आणि त्याने कोवळ्या पानांच्या कडा करपतात. तिथे कठड्याला बारीक जाळी लावून वारा आधी अडवा.

मोजलेल्या तासांवरून पीक ठरतं:

- ६ तास किंवा जास्त: टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, वेलभाज्या, लिंबू, पेरू.
- ४ तासांच्या आसपास: पालक, मेथी, लाल माठ, कोथिंबीर, मुळा.
- २-३ तास: पुदिना, अळू, गवती चहा, आलं, हळद, मायाळू.

सावधान: ३ तासांच्या उन्हात टोमॅटो लावला तर झाड वाढेल, पानं येतील, फळ मात्र धरणार नाही. खत वाढवून उन्हाची भरपाई होत नाही.

## टप्पा २: वजन, परवानगी आणि खालचा मजला

ओली माती जड असते. २० लिटरची भरलेली कुंडी पाणी घातल्यावर २० ते २५ किलोपर्यंत जाते, आणि २०० लिटरचा ड्रम अर्धा कापून भरला तर तो १०० किलोच्या वर. ज्या सपाट गच्चीवर माणसं जाऊ शकतात तिच्यासाठी भारतीय मानकांत चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरलेला असतो. जुन्या इमारतीत तेवढंही गृहीत धरू नका. गच्चीवर ड्रम ठेवायचे असतील तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, आणि ड्रम स्लॅबच्या मधोमध न ठेवता बीमच्या वर ठेवा. कुंडी थेट गच्चीच्या कोब्यावर टेकवू नका. विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवली की खालून पाणी वाहतं आणि वॉटरप्रूफिंगला धक्का लागत नाही.

गॅलरीत कुंड्या कठड्यावर किंवा खिडकीबाहेरच्या सज्जावर मोकळ्या ठेवायच्या नाहीत, कितीही ऊन तिथेच येत असलं तरी. पावसाळी वाऱ्यात कुंडी खाली गेली तर रस्त्यावरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. ग्रिलच्या आत ठेवा आणि तारेने बांधा. ग्रिलमधून बाहेर पडायची झडप असेल तर तिच्यासमोर एकही कुंडी नको.

खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी गळलं की भांडण ठरलेलं. कुंडीखाली थाळी ठेवा, पण थाळीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूच्या एडिस डासाला असं स्वच्छ, साचलेलं पाणीच लागतं, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरोघरी नेमक्या याच थाळ्या बघतात आणि नोटीसही देतात.

तपासून पाहा: आठवड्यातला एक वार ठरवा. त्या दिवशी सगळ्या थाळ्या रिकाम्या करून घासायच्या आणि उन्हात पालथ्या घालायच्या.

## टप्पा ३: कुंडी

फुलझाडाच्या शोभिवंत कुंडीत भाजी लावणं ही फार सर्रास दिसणारी चूक. पालेभाजीला ६ ते ८ इंच खोलीचा पसरट ट्रे पुरतो. मिरचीला १० ते १२ लिटर, टोमॅटो, वांगी, भेंडीला १५ ते २० लिटर, वेलाला ३० ते ४० लिटर माती लागते. रंगाची २० लिटरची रिकामी बादली उत्तम कामाला येते. ती पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची असावी, ऑइल पेंटची नको, आणि घासून-धुऊन घ्यावी. मातीच्या कुंड्या मुळांना थंड ठेवतात, पण लवकर वाळतात आणि वजनाने जड. ग्रो बॅग, म्हणजे रोपं लावायच्या पिशव्या, हलक्या. घेताना जाड कापडाच्या घ्या, पातळ बॅगा उन्हाने फाटतात.

तळाला बोटाच्या जाडीची ५-६ भोकं हवीत, आणि तळापासून बोटभर उंचीवर बाजूलाही दोन. तळाचं भोक लादीवर बसून बंद झालं तरी बाजूची चालू राहतात.

आता एक जुनी सवय सोडायला हवी. "पाणी निचरावं म्हणून तळाला विटांचे तुकडे, खडी घाला" असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच्या मातीत तुंबून राहतं. म्हणजे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो, शिवाय कुंडीतली तेवढी जागा वाया जाते. भोकावर एकेक खापराचा तुकडा किंवा नारळाची शेंडी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. निचरा मातीच्या मिश्रणात हवा.

## टप्पा ४: माती तयार करा आणि तिला वेळ द्या

नर्सरीत पिशवीतून मिळणारी लाल माती नुसती वापरली तर ती दोन महिन्यांत विटेसारखी घट्ट होते. पाणी वरच तरंगतं, किंवा कुंडीच्या कडेने सरळ खाली जातं आणि मुळं कोरडी राहतात. मापाने हे मिश्रण करा:

- ३ घमेली लाल माती, ढेकळं फोडून, चाळून
- ३ घमेली भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)
- ३ घमेली गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत
- १ घमेलं भाताचं तूस
- प्रत्येक २० लिटरच्या कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड

कोकोपीट धुणं टाळू नका. त्यात क्षार असतात. बादलीत भिजवून, पिळून पाणी फेकायचं, असं दोन-तीनदा. कोकोपीटची दाबलेली ५ किलोची वीट फुगून ६०-७० लिटर होते, तेव्हा मोठं पातेलं घ्या. तूस मिळालं नाही तर जाडसर नदीची वाळू चालेल. समुद्राची वाळू किंवा बांधकामावरची खारी रेती कधीच नको.

मिश्रण मुठीत दाबून पाहा. गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा. गोळा फुटत नसेल तर माती जास्त आहे. गोळाच होत नसेल तर कोकोपीट जास्त.

मिश्रण कुंड्यांत भरून, किंचित ओलं करून १५ दिवस तसंच ठेवा. अर्धवट कुजलेलं शेणखत तापतं आणि कोवळी मुळं जाळतं, म्हणून ही वाट पाहायची. आणि टोमॅटोच्या आधी त्याच मातीत मूठभर मेथी पेरून बघा. मुंबईच्या बाजारात छोट्या जुड्यांत येणारी समुद्रमेथी किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनीत अशीच झटपट वाढवतात आणि दोनेक आठवड्यांत मुळासकट उपटतात. तुमच्या कुंडीत मेथी ३-४ दिवसांत एकसारखी उगवली आणि हिरवी राहिली, तर खत मुरलेलं आहे. उगवून पिवळी पडली किंवा जळाली, तर आणखी १५ दिवस थांबा. मातीची ही परीक्षा मला सगळ्यांत खात्रीची वाटते, आणि वर एक वेळची भाजीही मिळते.

## टप्पा ५: कोणत्या महिन्यात काय

ऑक्टोबर ते फेब्रुवारी: टोमॅटो, वांगी, मिरची, मुळा, पालक, मेथी, कोथिंबीर. टोमॅटोचं मुंबईतलं गणित रात्रीच्या तापमानावर आहे. रात्र २४ अंशांच्या वर राहिली की फुलं गळतात, फळ धरत नाही. म्हणून फुलं डिसेंबर-जानेवारीत यावीत अशा बेताने लावणी करायची. मार्चमध्ये लावलेला टोमॅटो झाड म्हणून छान वाढतो आणि फुलं टाकत राहतो.

मार्च ते मे: भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, मायाळू. भेंडीत शिरा पिवळ्या पडण्याचा विषाणूजन्य रोग फार. त्याला दाद न देणारं वाण घ्या, परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका. पेरल्यापासून साधारण ४५-५० दिवसांत भेंडी सुरू होते आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते. दोन दिवस राहिली की निबर.

मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात: काकडी, दोडका, पडवळ, कारलं, दुधी. कोकणात परसात पडवळ आणि काकडी याच वेळी टोचतात. पावसाची झड थेट बसणार नाही अशी जागा आणि मांडव हवा. कारल्याचं कोकण तारा हे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वाण आपल्या हवेसाठीच काढलेलं आहे. आलं-हळदही याच सुमारास लावा, हळद जानेवारी-फेब्रुवारीत काढायला येते.

पहिल्या वर्षी तीन-चारच पिकं घ्या. एक पालेभाजी, मिरची, वांगी आणि हौस असेल तर टोमॅटो. दहा प्रकार एकदम लावले की प्रत्येकाचं पाणी वेगळं, खत वेगळं, आणि लक्ष कशाकडेच राहत नाही.

## टप्पा ६: पेरणी आणि लावणी

सगळं बी सारखं पेरायचं नसतं. मेथी, कोथिंबीर, मुळा, भेंडी, गवार, चवळी, काकडी ही थेट कुंडीत टोचायची, कारण त्यांना मुळं हलवलेली सोसत नाहीत. टोमॅटो, वांगी, मिरची आधी छोट्या ट्रेमध्ये उगवून २५-३० दिवसांनी, ४-५ खरी पानं (बीतून आधी निघणाऱ्या दोन पानांनंतरची) आली की हलवायची.

- बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल टाका, अधिक नको.
- धणे लाटण्याने हलके रगडून दोन डाळी वेगळ्या करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात. चौथ्या दिवशी माती उकरून बघू नका.
- पाकिटातलं गुलाबी किंवा निळसर बी औषध लावलेलं असतं. हात धुवा, मुलांपासून लांब ठेवा.
- रोप हलवायचं ते संध्याकाळी. टोमॅटोचं खोड खालच्या पानांपर्यंत मातीत गेलं तरी चालतं, उलट त्यातून जास्त मुळं फुटतात. वांगी-मिरची मात्र ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर.
- टोमॅटोची काठी लावणीच्या दिवशीच रोवा. नंतर रोवली की मुळं तुटतात.

एका २० लिटरच्या कुंडीत एकच टोमॅटो, एकच वांगं. दोन लावले तर दोन्ही अर्धवट राहतात, हे मान्य करणं फार जणांना जड जातं.

## टप्पा ७: पाणी

घरच्या बागेत तहानेने मरणाऱ्या झाडांपेक्षा जास्त पाण्याने मरणारी झाडं अधिक. रोज ठरलेल्या वेळी ठरलेला तांब्या ओतायचा नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नाही. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत सावकाश घाला.

दुपारी पानं मलूल दिसली म्हणून धावत पाणी घालू नका. कडक उन्हात वांगी, काकडी पानं पाडतात आणि सूर्य कलला की उभारी धरतात. संध्याकाळीही पानं पडलेली असतील तर बोट घालून बघा. माती ओली असूनही झाड मलूल असेल, तर मुळं कुजत आहेत; पाणी थांबवून निचऱ्याची भोकं मोकळी करा.

महापालिकेचं तलावांतून येणारं पाणी झाडांना मानवतं. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर मातीवर पांढरा थर येतो का ते पाहा. आला तर ते क्षार आहेत. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणीही नुसतं देऊ नका. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी चालतं, मीठ घातलेलं नाही.

एप्रिल-मेमध्ये मातीवर वाळल्या पानांचा दोन-तीन इंचाचा थर द्या आणि दुपारी ५० टक्के सावलीची हिरवी जाळी ताणा. टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडतो, तेव्हा लोक अंड्याची टरफलं घालतात. टरफलातलं कॅल्शियम सुटायला महिने लागतात, आणि कारण बहुतेक वेळा पाण्यातला अनियमितपणाच असतो: दोन दिवस कोरडं, मग पूर.

## टप्पा ८: खत

लावणीनंतर पहिले तीन आठवडे काही घालू नका. मग दर १५ दिवसांनी कुंडीमागे दोन मुठी गांडूळखत, खोडापासून चार बोटं दूर, माती हलकी उकरून. स्वयंपाकघरातला कच्चा ओला कचरा, दूध-साखरेचा चहाचा चोथा थेट कुंडीत टाकला की मुंग्या, चिलटं आणि उंदीर येतात. तो वेगळ्या डब्यात सुक्या पानांबरोबर कुजवूनच वापरा.

## टप्पा ९: फूल आलं, फळ का नाही?

वेलावर पहिले १०-१५ दिवस बहुधा नुसती नर फुलं येतात आणि गळतात. घाबरू नका. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं छोटं फळ दिसतं, नर फुलाला नुसता देठ. वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी पोचतात, म्हणून नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्यातला पराग मादी फुलाच्या मध्यावर हलके टेकवायचा.

वेळ चुकली तर हे काम फुकट. काकडी, कारलं, भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा ९ च्या आत. दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी उमलतात, तेव्हा दिवेलागणीला. टोमॅटो, वांगी, मिरचीच्या फुलांत नर-मादी दोन्ही असतात. सकाळी फांदीला टिचकी मारली की पुरतं.

## टप्पा १०: कीड आणि कबुतरं

मुंबईत पहिला शत्रू कबुतर. कोवळे कोंब खातात, कुंडीत घरटं करतात. पेरणीच्या दिवशीच जाळी लावा.

खोडाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. त्याच्याबरोबर मुंग्या असतातच, त्या त्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात. दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडा, पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. मग एक लिटर पाण्याला ५ मिली नीमतेल. तेलात आधी थोडं साबणाचं पाणी घोटून मगच उरलेल्या पाण्यात मिसळायचं, नाहीतर तेल वर तरंगतं. ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा.

## टप्पा ११: फळझाडं, भाजीत हात बसल्यावर

फळझाडाला एक वर्ष थांबा, पण घ्याल ते कलमच घ्या. बियांपासून आलेल्या लिंबाची फळं दिसायला बरीच वर्षं जातात, गुटी कलमाला, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेल्या रोपाला, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लागतात. लिंबू, पेरू, अंजीर यांना ४० ते ६० लिटरची कुंडी. आंबा हवाच असेल तर आम्रपाली ही बुटकी जात, अर्ध्या ड्रममध्ये, पूर्ण उन्हाच्या गच्चीवर. सगळ्यांत सोपी तुती: पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी खोचा, फळ खाऊन झालं की छाटा, नव्या फुटीवर पुन्हा धरते. पपईच्या मुळाशी दोन दिवस पाणी तुंबलं तरी ती मरते, तेव्हा पावसात तिला पत्र्याखाली घ्या. घरी खाल्लेल्या पपईच्या बियांतून नर झाडंही निघतात. रेड लेडी या जातीचं रोप आणलं तर तो प्रश्न येत नाही.

सांधा बांधलेलं कलम असेल तर लावताना तो सांधा मातीच्या दोन-तीन इंच वर राहील असं पाहा. सांध्याखालून येणारी फूट जोमदार दिसते आणि लोक ती कौतुकाने वाढवतात. ती मूळ खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या रोपाची असते, तुमच्या कलमाची नाही. दिसल्या दिवशी बोटाने खुडून टाका. पहिल्या वर्षी आलेली फुलंही काढून टाका, झाडाला आधी मुळं आणि फांद्या करू द्या.

लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. ती फुलपाखराची आहे, औषध लागत नाही. रोज सकाळी पानं उलटून पाहा आणि हाताने वेचा.